२६ जुलै मुलांना कसा सांगायचा? कारगिल विजय दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या भागात गल्लीत एखादं तरी फौजीचं घर असतंच, त्यामुळे हा दिवस आमच्या शाळेत पहिल्यापासून होतो. जुलै लागला की ओळखीच्या शिक्षिका आणि पालक फोन करून विचारू लागतात, "बाई, मुलांना नेमकं काय सांगायचं?" दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझ्या वर्गातल्या अनुभवातून आली आहेत.

हा दिवस नेमका कशाचा? शाळेला सुट्टी असते का?

सुट्टी नसते, आणि मला ते बरंच वाटतं. सुट्टी असती तर मुलं घरी कार्टून बघत बसली असती. १९९९च्या मे महिन्यात कारगिल, द्रास, बटालिकच्या डोंगरांवर लढाई सुरू झाली आणि २६ जुलै १९९९ला ती संपल्याचं जाहीर झालं. भूदलाच्या मोहिमेचं नाव होतं 'ऑपरेशन विजय', हवाई दलाच्या मोहिमेचं 'सफेद सागर'. आपले ५२७ जवान गेले, तेराशेहून जास्त जखमी झाले. दरवर्षी या दिवशी द्रासला तोलोलिंग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या स्मारकावर मुख्य कार्यक्रम होतो.

१६ डिसेंबरचा विजय दिवस वेगळा, तो १९७१च्या युद्धाचा. बऱ्याच फलकांवर या दोन तारखांचा घोळ झालेला दिसतो, म्हणून फलक लिहिण्याआधी एकदा तपासून घ्या. मुंबईकडच्या पालकांना २६ जुलै म्हटलं की २००५चा पूर आधी आठवतो. त्यांच्या मुलांना या तारखेच्या दोन्ही आठवणी सांगायला हरकत नाही.

हा आनंदाचा दिवस की दुःखाचा? मुलं गोंधळतात.

मोठी माणसंही गोंधळतात. एकीकडे पेढे वाटायचे आणि दुसरीकडे हार घातलेल्या फोटोंपुढे उभं राहायचं, असं एकाच सकाळी चालतं. हे समजवायला मराठी मुलांपाशी एक किल्ली आधीपासून आहे. चौथीपर्यंत प्रत्येकाला तानाजी मालुसरे माहीत झालेले असतात. १६७०च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेतला, तानाजी पडले आणि महाराज म्हणाले असं सांगतात, "गड आला पण सिंह गेला." मी वर्गात विचारते, "त्या दिवशी महाराजांना आनंद झाला असेल की दुःख?" मुलं थोडा वेळ गप्प बसतात, मग कुणीतरी म्हणतं, "दोन्ही, बाई." तिथून २६ जुलै सांगायला फार वेळ लागत नाही. तोलोलिंग आला, टायगर हिल आली, आणि ५२७ घरांतला माणूस गेला.

म्हणून मी शाळेत ढोलताशा वाजवू देत नाही. कार्यक्रमाच्या शेवटी गूळ-शेंगदाणे वाटते. गोडधोडही होतं आणि त्याला जत्रेची कळाही येत नाही.

किती वयाच्या मुलांना काय सांगावं?

पहिली-दुसरीला एवढंच पुरे: खूप उंच डोंगरावर आपले सैनिक आपल्या सीमेची राखण करायला गेले, त्यातले काही परत आले नाहीत, आज आपण त्यांची नावं घेतो. तिसरी-चौथीला एका माणसाची गोष्ट सांगावी, त्याचं नाव, गाव, वय आणि त्याने काय केलं ते सांगावं. पाचवीच्या पुढे नकाशा उघडावा आणि कारणं सांगावीत. रक्त, जखमा, छिन्नविच्छिन्न देह यांचं वर्णन कुठल्याच वर्गात नको. आणि मोबाईलवरचे लढाईचे व्हिडिओ तर मुळीच दाखवू नका. मुलं ते बघून रात्री झोपत नाहीत, किंवा दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तेच खेळतात. मला दोन्हींची भीती वाटते.

"वारले म्हणजे काय?" असं लहान मुलाने विचारलं तर?

"झोपले" म्हणू नका. मूल रात्री आपल्या बापाला झोपलेला बघून घाबरतं, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. त्यांचं शरीर चालायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत, पण घरचे त्यांची आठवण काढतात, असं साध्या शब्दांत सांगावं. ज्या घरात "देवाघरी गेले" म्हणतात तिथे तेही म्हणावं, फक्त ते परत येणार नाहीत हे स्पष्ट सांगावं. खेड्यातल्या मुलांना आजा-आजी, गाय, बैल गेलेले माहीत असतात. आपण समजतो त्यापेक्षा त्यांना जास्त समजतं.

शहीद, हुतात्मा, वीरमरण... कुठला शब्द वापरायचा?

सरकारी नोंदीत 'शहीद' असा काही अधिकृत दर्जा नाही. बोलण्यात आणि बातम्यांत तो सर्रास येतो आणि त्यामागचा भाव खराच असतो, त्यामुळे मुलाच्या तोंडी आला तर मी दुरुस्त करत नाही. 'हुतात्मा' या शब्दातला 'हुत' म्हणजे होमात अर्पण केलेलं. हे सांगितलं की मोठ्या मुलांना शब्द उलगडतो. पण महाराष्ट्रात हुतात्मा म्हटलं की मुंबईचा हुतात्मा चौकही आठवतो. ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले हुतात्मे, गणवेशातले सैनिक नव्हेत, आणि ३० जानेवारीचा हुतात्मा दिन गांधीजींच्या पुण्यतिथीचा. हा फरक एकदा सांगून ठेवावा.

आमच्याकडची म्हातारी माणसं यातला एकही शब्द वापरत नाहीत. ती म्हणतात, "त्यांचा थोरला लढाईत कामी आला." मला हा शब्द सगळ्यांत जवळचा वाटतो. तो मोठ्याने बोलावा लागत नाही. 'धारातीर्थी पडणे' हाही मुलांना जरूर सांगा. तलवारीच्या धारेलाच तीर्थ म्हणणारी भाषा आपली आहे, हे कळल्यावर सातवीतली मुलं वहीत तो शब्द स्वतःहून लिहून घेतात.

युद्ध का झालं, हे सोप्या शब्दांत कसं सांगायचं?

शेतकऱ्याच्या मुलाला एका वाक्यात समजतं: शेजाऱ्याने बांध कोरला.

त्या डोंगरांवर हिवाळ्यात एवढा बर्फ पडतो की दोन्हीकडचं सैन्य काही ठाणी सोडून खाली यायचं आणि उन्हाळ्यात परत चढायचं. १९९८-९९च्या हिवाळ्यात पाकिस्तानी सैनिक ताबारेषा (काश्मीरमध्ये दोन्ही देशांच्या ताब्यातला भाग वेगळा करणारी रेषा) ओलांडून आपल्या बाजूच्या शिखरांवर येऊन बसले. खालून श्रीनगर ते लेह जाणारा रस्ता वरून स्पष्ट दिसतो. लेहला आणि सियाचिनला जाणारं सामान त्या रस्त्याने जातं, तो तोडला की लडाख अडकलं. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथल्या मेंढपाळांना वर अनोळखी माणसं दिसली आणि त्यांनी ते सैन्याला कळवलं. मेंढपाळ हा शब्द आला की आमच्या वर्गातली धनगरवाड्याची मुलं ताठ बसतात.

आपल्या सैन्याला ताबारेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता, हेही सांगावं. त्यामुळे समोरून, खालून वर, तोफांच्या आणि मशीनगनच्या तोंडीच चढावं लागलं.

इतक्या उंचीची कल्पना मुलांना कशी द्यायची?

कळसूबाई १,६४६ मीटर. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी टायगर हिल त्यांच्याहून उंच राहते, ५,०६२ मीटर. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या.

मग एक प्रयोग. दप्तरात पाण्याच्या भरलेल्या चार बाटल्या घालायच्या आणि शाळेच्या पायऱ्या दहा वेळा वर-खाली करायच्या. धापा टाकत उभ्या राहिलेल्या मुलांना तेव्हाच सांगायचं: आता डोळे मिटा, अंधार आहे, गार वारा आहे, श्वासाला हवा पुरत नाही, आणि आवाज केला तर वरून गोळी येईल. जूनमध्येसुद्धा तिथे रात्री पारा शून्याखाली जातो. जवान रात्रीच चढायचे, कारण दिवसा उघड्या खडकावर लपायला जागा नव्हती. मुलांचा श्वास थाऱ्यावर यायच्या आत दोन वाक्यांत हे संपवावं. नंतर सांगितलं तर ते नुसतं भाषण होतं.

कोणाची गोष्ट सांगावी? ५२७ नावं तर सांगता येत नाहीत.

एकाच माणसाची सांगा. पाच शूरवीरांची धावती ओळख करून दिली तर संध्याकाळपर्यंत एकही लक्षात राहत नाही.

कॅप्टन विक्रम बत्रा बहुतेक मुलांना माहीत असतात. मी जास्त वेळा कॅप्टन विजयंत थापर यांची सांगते. राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनचे अधिकारी, वय बावीस. जून १९९९च्या अखेरीस शेवटच्या चढाईआधी त्यांनी घरी पत्र लिहून ठेवलं. त्यात आईवडिलांची समजूत घातली होती, पुढचा जन्म माणसाचा मिळाला तर पुन्हा सैन्यात जाईन असं लिहिलं होतं, आणि शरीरातलं जे दान करता येईल ते करा असंही. मग एक साधी गोष्ट: अनाथाश्रमाला थोडे पैसे द्या, आणि एका लहान मुलीला मी दरमहा पन्नास रुपये देतो, ते देत राहा. काश्मीरमध्ये असताना त्यांना ही मुलगी भेटली होती.

इथे मी थांबते. लढाई कशी झाली ते मुलं विचारतात, पण त्याआधी कुणीतरी हमखास विचारतं, "मग दिले का बाई पैसे?" एका सैनिकाला मरणाच्या दारात पन्नास रुपयांची आठवण होती, हे मुलाच्या मनात जसं बसतं तसं मोठमोठ्या घोषणांनी बसत नाही. मी इतकी वर्षं ते बघते आहे.

मोठ्या मुलांसाठी योगेंद्रसिंग यादव यांची गोष्ट. अठराव्या ग्रेनेडियर्सचे, वय अवघं एकोणीस. टायगर हिलवर दोराने कडा चढून, अंगात कितीतरी गोळ्या घेऊन लढत राहिले. त्यांना परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं, मग कळलं की ते रुग्णालयात आहेत. त्यांच्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान गेला होता. मुलांना एक यादव वाचल्याचा आनंद होतो, तेव्हा मी हळूच विचारते, "आणि दुसरा?" वर्ग शांत होतो. त्या दुसऱ्याचीही आठवण आज काढायची असते.

पाकिस्तानी सैनिकांबद्दल मुलं वाईट बोलतात. काय करावं?

हा प्रश्न टाळू नका. टाळला तर मुलं उत्तर मोबाईलवर शोधतात आणि तिथे फक्त शिव्या सापडतात.

मी त्यांना कॅप्टन कर्नल शेर खान यांच्याबद्दल सांगते ('कर्नल' हा हुद्दा नाही, त्यांच्या नावाचाच भाग आहे). हे पाकिस्तानी अधिकारी टायगर हिलच्या लढाईत मारले गेले. त्यांची लढण्याची जिद्द पाहून आपले ब्रिगेडियर एम.पी.एस. बाजवा यांनी, हा माणूस शौर्याने लढला, अशी चिठ्ठी लिहून त्यांच्या खिशात ठेवली आणि पार्थिव परत पाठवलं. पुढे पाकिस्तानने त्यांना आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. जे पाकिस्तानी देह त्यांच्या देशाने स्वीकारले नाहीत, त्यांचं दफन आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे, मानाने केलं.

एका पालकांनी मला फोन करून विचारलं होतं, "बाई, शत्रूचं कौतुक कशाला?" मी त्यांना म्हटलं, दादा, मी बाजवासाहेबांचं कौतुक करते आहे.

वर्गात फौजीचं मूल असेल, किंवा ज्याचे वडील कामी आले असं मूल असेल तर?

या प्रश्नाचं उत्तर मी एक चूक करून शिकले आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेत मी नाटुकलं बसवलं. लाकडी बंदुका, अंगाला चिखल, शेवटी एक मुलगा तिरंग्याखाली आडवा पडतो. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत तिसरीतली एक मुलगी टाळी न वाजवता बसली होती. तिचे वडील तेव्हा सीमेवर होते आणि घरी चार दिवस फोन आला नव्हता. नाटक संपल्यावर तिने मला विचारलं, "बाई, माझ्या पप्पांना पण असंच आणणार?"

तेव्हापासून मी मरणाचा प्रसंग कधीच करून दाखवत नाही. आणि २६ जुलैच्या आधी फौजींच्या घरी जाऊन विचारून येते: वहिनी, मुलाने कार्यक्रमात बसावं का, त्याला काही बोलायचं आहे का? काही मुलांना वडिलांचं पत्र, फोटो, बिल्ला आणून दाखवायचा असतो. काहींना त्या दिवशी घरीच राहायचं असतं. दोन्ही बरोबर. सगळ्यांसमोर "हिचे बाबा शहीद झाले" म्हणून कुणालाही उभं करू नका. वीरपत्नी, वीरमातांना बोलावलं तर श्रीफळ देऊन फोटो काढून परत पाठवू नका. त्यांना बसवा, चहा द्या, आणि त्या ज्याबद्दल बोलतील ते ऐका. एका वीरमाता आमच्या शाळेत मुलाच्या लढाईबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. तो लहान असताना विहिरीत पोहायला कसा पळून जायचा, तेवढंच सांगत होत्या. त्याहून चांगला कार्यक्रम आमच्याकडे झालेला नाही.

माजी सैनिकांना बोलावल्यावर मुलांना काय विचारू द्यावं?

जे विचारतील ते. आमच्या गावात निवृत्त सुभेदारांना सगळे 'मेजर' म्हणतात. ते आले तेव्हा काळी पत्र्याची ट्रंक घेऊन आले. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण, आणि कितीतरी बदल्यांचे ओरखडे. मुलांनी आधी झाकण वाजवून बघितलं. मग पहिला प्रश्न: "मेजर, वर संडासला कुठं जायचं?" मी लाजले, पण ते हसले आणि बर्फ वितळवून पाणी कसं करायचं, बूट ओले राहिले तर बोटं कशी काळी पडतात, मोजे छातीशी धरून कसे वाळवायचे, हे सगळं सांगून टाकलं. "तुम्ही कुणाला मारलं का?" हा प्रश्नही येतो. तो येणार हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी "त्याबद्दल मी बोलत नाही बाळा" म्हणावं, मुलांना ते कळतं.

मौन किती वेळाचं?

मोठ्यांना दोन मिनिटं, पहिली-दुसरीला तीस सेकंद. नुसतं "गप्प उभे राहा" म्हणू नका. ज्याची गोष्ट सांगितली त्याचं नाव घ्या आणि सांगा, आता आपण त्याच्या घरच्यांचा विचार करू. मग चुळबुळ होत नाही. झाली तरी ओरडू नका.

मुलींसाठी वेगळं काही सांगण्यासारखं आहे का?

सगळ्यांनाच सांगण्यासारखं आहे. परमवीर चक्राचं पदक एका मराठी घरातल्या सुनेने रेखाटलं. सावित्रीबाई खानोलकर स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या. विक्रम खानोलकर या मराठी सैन्याधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. पदकाच्या मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली आणि त्यांचं वज्र झालं, ती कथा त्यामागे आहे. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळालं. ते सावित्रीबाईंच्या जावयाचे सख्खे भाऊ होते. मुलांना पदक कागदावर काढायला द्या, ब्राँझसाठी तपकिरी रंग, फीत जांभळी. जिवंतपणी हे पदक मिळालेले पहिले सैनिक मेजर राम राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्याच्या अभियंता पलटणीचे. त्यांनी १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढले.

मुलांना कुठे घेऊन जाता येईल?

पुण्यात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, १५ ऑगस्ट १९९८ला खुलं झालं. रणगाडा आणि लढाऊ विमान बघायला मुलं धावतात, पण आधी नावांच्या भिंतीपाशी न्या. दिल्लीला गेलात तर तिथलं राष्ट्रीय युद्ध स्मारक पाहा. त्यागचक्रात एकेका विटेवर एकेक नाव आहे, पंचवीस हजारांहून जास्त. मुलाला तिथे महाराष्ट्रातलं आडनाव शोधायला सांगा.

पण लांब जायची गरजच नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. साताऱ्यात आणि कोकणात कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक जुनी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. बहुतेक ठिकाणी तिच्यावर चुना मारलेला असतो. पाचवीच्या मुलांना ओला फडका देऊन ती पुसायला लावा आणि आकडा वाचायला सांगा. ते जवान परक्या सरकारसाठी लढायला गेले होते, हेही तिथेच, पाटीसमोर सांगता येतं.

पैसे गोळा करावेत का?

२६ जुलैला नको. त्यासाठी ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे, १९४९पासून चालत आलेला. तो निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. छातीला लावायच्या छोट्या ध्वजावरचा लाल रंग भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा.

त्या दिवशी पावसामुळे शाळेला सुट्टी जाहीर झाली तर?

आमच्याकडे असं बऱ्याचदा होतं, ओढ्याला पाणी आलं की वाड्यावस्त्यांवरची मुलं येऊच शकत नाहीत. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी घ्या, तारखेचा आग्रह नको. आणि घरी करायला एक छोटं काम सांगून ठेवा: संध्याकाळी दिवेलागणीला एक पणती जास्त लावायची, एका जवानाचं नाव आणि वय कागदावर लिहून तिच्यापाशी ठेवायचं, आणि घरातल्या कुणाला तरी त्याची गोष्ट सांगायची.

दोन वर्षांपूर्वी असाच पाऊस होता. रात्री पाचवीतल्या एका मुलीच्या आईने फोटो पाठवला. वीज गेलेली, देवळीत दोन पणत्या, त्यांच्यामध्ये वहीचं फाडलेलं पान. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, कॅप्टन विजयंत थापर, वय २२. खाली आणखी एक ओळ होती: माझ्या दादाएवढे.